गेस्ट सुरू होत नाही, म्हणून मशीन पुसायचे नसते

चिपळूण, खेड, गुहागर या पट्ट्यातील संगणक दुरुस्ती करणाऱ्यांच्या आणि छापखानेवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभारलेल्या आभासी संगणकात, चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम (गेस्ट) बिघडली तर काय करावे, याची पाच कलमे त्यात आहेत. गेस्ट सुरू होत नसेल तर तो करप्ट झाला असे समजून मशीन डिलीट करावे आणि नव्याने टाकावे. हळू चालत असेल तर सगळी रॅम आणि प्रोसेसरचे सगळे कोअर त्याला द्यावेत. स्नॅपशॉट, म्हणजे मशीनच्या त्या क्षणाच्या स्थितीची नोंद, घेतला असेल तर वेगळ्या बॅकअपची गरज नाही. इंटरनेट मिळत नसेल तर नेटवर्क ब्रिज्ड करावे, म्हणजे गेस्टला बाहेरच्या नेटवर्कशी थेट जोडावे. आणि कोणतेही सेटिंग बदलण्याआधी गेस्ट बंद करावा. यांपैकी पहिले कलम सर्वांत घातक असल्यामुळे त्याचा समाचार सविस्तर घेतो.

आपल्याकडे व्हर्च्युअल मशीन हौसेखातर वापरणारे थोडे. छापखान्यात ते असते, कारण लग्नपत्रिका, जत्रेची पत्रके आणि पतसंस्थांचे अहवाल यांच्या पंधरा-वीस वर्षांच्या पेजमेकर या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरमधील फायली युनिकोडपूर्व फाँटमध्ये आहेत. तो मजकूर नव्या विंडोजवर घेतला की इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो, आणि फाँटचे ते जुने सॉफ्टवेअर यूएसबी डोंगल, म्हणजे परवान्याची किल्ली, लावल्याखेरीज चालत नाही. त्यामुळे नव्या संगणकाच्या पोटात विंडोज एक्सपी जपून ठेवलेली असते. अशा मालकाला ‘डिलीट करा आणि नव्याने टाका’ हा सल्ला देणे म्हणजे किल्ली सापडत नाही म्हणून कपाट जाळायला सांगण्यासारखे आहे. व्हर्च्युअलबॉक्स या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मशीन काढताना ‘डिलीट ऑल फाइल्स’ आणि ‘रिमूव्ह ओन्ली’ असे दोन पर्याय समोर येतात. पहिला दाबला की आभासी डिस्कची फाइलही जाते.

गुहागरच्या एका छापखान्यात हे अगदी होता होता राहिले. मालकांनी जुन्या संगणकातील डिस्क फाइल नव्या संगणकात आणली, तिच्यासाठी नवे मशीन तयार केले आणि प्रकार निवडताना विंडोज १० तसेच राहू दिले. एक्सपीचे बोधचिन्ह क्षणभर दिसून निळा पडदा येत होता, आणि त्यावरचा एररकोड ७बी या अक्षरांनी संपत होता. या कोडचा अर्थ, विंडोजला स्वतःची बूट डिस्क सापडत नाही, एवढाच आहे. विंडोज १० साठी तयार केलेल्या मशीनमध्ये डिस्क साटा या नव्या पद्धतीच्या कंट्रोलरला जोडली जाते, आणि एक्सपीकडे त्या कंट्रोलरचा ड्रायव्हर मुळातच नसतो. स्टोरेजच्या पानावर जाऊन डिस्क आयडीई या जुन्या पद्धतीच्या कंट्रोलरला जोडली आणि एक्सपी उभी राहिली. मग डोंगल दिसेना, कारण यूएसबी ३.० निवडलेले होते आणि त्याचाही ड्रायव्हर एक्सपीत नाही, ते २.० केल्यावर डोंगलही दिसले. डिस्कमधील एकही फाइल बिघडलेली नव्हती.

गेस्ट सुरूच होत नसेल तर बहुतेक वेळा दोष होस्टमध्ये, म्हणजे बाहेरच्या मूळ संगणकात, किंवा मशीनच्या सेटिंगमध्ये असतो, असा माझा अनुभव आहे. कोकणात याचे एक ठरलेले कारण आहे. पावसाळ्यात वीज सारखी जाते, मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल जुना झालेला असतो, आणि तो बसला की बायोसची, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमची, सेटिंग मूळपदावर जातात. अनेक बोर्डांवर त्या मूळ सेटिंगमध्ये व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे गेस्ट चालवण्याची प्रोसेसरमधील सोय, बंद असते. इंटेलच्या बोर्डावर ते व्हीटी-एक्स किंवा इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी या नावाने आणि एएमडीच्या बोर्डावर एसव्हीएम मोड या नावाने सापडते. व्हर्च्युअलबॉक्सच्या ६.१ या आवृत्तीपासून प्रोसेसरच्या या सोयीशिवाय गेस्ट चालतच नाही. काल चालणारे मशीन आज उठत नसेल आणि संगणकाचे घड्याळही दहा-पंधरा वर्षे मागे गेलेले दिसले, तर आधी तो सेल बदलावा आणि बायोस उघडावे.

शंका राहिलीच तर मशीनच्या नावावर उजवी टिचकी मारून ‘शो लॉग’ उघडावा. लॉग लांबलचक असतो, पण शेवटून वर वाचत गेले की कामाची ओळ लवकर हाती लागते. वीज गेल्यानंतर मशीनपुढे ‘अबॉर्टेड’ असे लिहून येते, त्यालाही घाबरून जाण्याचे कारण नाही. चालू संगणकाची पिन उपटल्यावर जे होते तेच येथे झालेले असते, आणि पुन्हा सुरू केल्यावर विंडोज डिस्क तपासून बहुधा मार्गी लागते. होस्टची डिस्क काठोकाठ भरली की व्हर्च्युअलबॉक्स गेस्टला मध्येच थांबवून ठेवते, तेव्हा थोडी जागा मोकळी केली की पुरते.

आता दुसरे कलम. ३२-बिट एक्सपी ४ जीबीच्या पलीकडची रॅम वापरूच शकत नाही आणि पेजमेकरसाठी १ जीबी भरपूर होते. ८ जीबीच्या संगणकात ७ जीबी गेस्टला दिली, तर होस्ट रॅमऐवजी संथ डिस्क वापरू (स्वॅप करू) लागतो आणि त्याच्या पोटातला गेस्टही रखडतो. कोअरचेही तसेच आहे: प्रत्यक्षात जेवढे कोअर आहेत त्यांहून अधिक देऊ नयेत आणि होस्टसाठी निदान एक-दोन राखावेत. सेटिंगमधली पट्टी लाल रंगात शिरते, ती त्याचसाठी.

खरे कारण पुष्कळदा खिडकीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात असते. तेथील चिन्हांत हिरवे कासव दिसले, तर व्हर्च्युअलबॉक्सला प्रोसेसरची सोय थेट मिळत नसून ती हायपर-व्ही या विंडोजच्या स्वतःच्या व्हर्च्युअल मशीन व्यवस्थेमार्फत घ्यावी लागते आहे. (कासव म्हटले की आपल्याला वेळासचा किनारा आठवतो, पण तिथली पिल्ले निदान समुद्राकडे धावतात.) विंडोज ११ मधील ‘मेमरी इंटिग्रिटी’ किंवा डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची सोय) चालू असेल तर हायपर-व्ही पडद्यामागे चालूच असते. ते बंद केल्याने वेग वाढतो हे खरे असले, तरी मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षेची सोय आहे. ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात, तेथे मी ती बंद करत नाही आणि कासव सहन करतो.

तिसऱ्या कलमाबद्दल चिपळूणकरांना वेगळे सांगायला नको. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरले, तेव्हा संगणकाबरोबर त्यातले स्नॅपशॉटही बुडाले, कारण स्नॅपशॉट त्याच डिस्कवर राहतो. शिवाय तो संपूर्ण प्रत नसतो. स्नॅपशॉट घेतल्या क्षणी मूळ डिस्क फाइल गोठते आणि पुढचे बदल वेगळ्या फाइलमध्ये साठू लागतात. म्हणूनच केवळ मूळ फाइल पेन ड्राइव्हवर नेणाऱ्याला पहिल्या स्नॅपशॉटच्या दिवशीची एक्सपी मिळते आणि नंतरचे सगळे काम गायब दिसते. बॅकअप घ्यायचा तर गेस्ट नीट बंद करून मशीनचे संपूर्ण फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवावे, आणि ती डिस्क दुकानात न ठेवता उंचावरच्या घरी ठेवावी.

ब्रिज्डचे कलम एक्सपीच्या बाबतीत उलट धोक्याचे आहे. गेस्टला १०.०.२.१५ असा पत्ता मिळालेला असेल, तर व्हर्च्युअलबॉक्सचे नॅट, म्हणजे होस्टमार्फत इंटरनेट देणारी मूळ पद्धत, व्यवस्थित आहे. तरीही संकेतस्थळे उघडत नसतील तर कारण बहुधा ब्राउझर असतो, कारण एक्सपीतील इंटरनेट एक्सप्लोरर ८ ला टीएलएस १.२ ही सुरक्षित जोडणीची पद्धत येत नाही आणि आजची बहुतेक संकेतस्थळे त्याखाली बोलायला तयार नसतात. ब्रिज्ड केल्याने यात काहीच फरक पडत नाही. उलट ८ एप्रिल २०१४ पासून मायक्रोसॉफ्टचा आधार बंद झालेली प्रणाली दुकानाच्या नेटवर्कवर उघडी पडते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसच्या वेळी मायक्रोसॉफ्टला एक्सपीसाठी अपवाद म्हणून पॅच (सुरक्षेची दुरुस्ती) काढावा लागला होता, यावरून काय ते समजावे. पत्रिका जुळवायला इंटरनेट लागत नाही. नेटवर्क अ‍ॅडॅप्टर बंद ठेवून फायली शेअर्ड फोल्डरमधून घ्याव्यात.

शेवटचे कलम बरोबर आहे, मात्र अपुरे आहे. बंद करणे म्हणजे एक्सपीच्या आतून शटडाउन करणे. ‘सेव्ह स्टेट’ करून खिडकी मिटली तर गेस्ट नुसता झोपलेला असतो, आणि त्या स्थितीत स्टोरेज आणि यूएसबीचे पर्याय करडे दिसतात, बदलता येत नाहीत. एका संगणकावर झोपवलेले मशीन वेगळ्या प्रोसेसरच्या संगणकावर उठेलच असेही नाही. तसे अडकलेच तर ‘डिस्कार्ड सेव्ह्ड स्टेट’ निवडावे. त्याने जतन न केलेले उघडे काम जाते, डिस्क मात्र जागच्या जागी राहते.