गोचीडताप नव्हता तो
कुत्र्यांच्या आतड्यांच्या जुनाट सुजेवरच्या या लेखात उलटी-जुलाबाची लक्षणं छान दिलीत, पण रक्ततपासणी एका ओळीत उरकलीत. आमच्या जर्मन शेफर्डचं हिमोग्लोबिन उतरलेलं, आम्ही गोचीडतापच धरून बसलो. पण प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) वाढलेल्या होत्या, आणि गोचीडतापात त्या बहुधा घटतात. सुजलेल्या आतड्यातून थोडंथोडं रक्त झिरपत राहिलं की लोह संपतं, प्लेटलेट वाढू शकतात. अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) डेसिलिटरला २ ग्रॅमच्या खाली, डॉक्टरांना खरी धास्ती त्याची. आतडं बी-१२ही नीट शोषत नव्हतं, म्हणून ६ आठवडे दर आठवड्याला इंजेक्शन (दर रविवारी घरभर पळापळ!). पथ्य कडक होतं, तरी आजीनं दूध-पोळी चोरून भरवलीच.