लाखी पाठवणार, बाकीची घरीच

गेल्या रविवारी दुपारी एक पोरगा दुकानात आला. रुमालात बांधलेली आठ नाणी काउंटरवर ओतली आणि म्हणाला, "काका, ही ग्रेडिंगला पाठवायचीत. किती येतील?" ग्रेडिंग म्हणजे नाणं अमेरिकन कंपनीकडनं तपासून, दर्जाचा आकडा लावून घेणं. मी त्याला म्हटलं, आधी बस, चहा घे. मग दोन तास आम्ही एकेक नाणं बघत बसलो. त्यातलं बरंच इथं लिहितोय, कारण हाच प्रश्न मला महिन्यातून तीन-चार जण तरी विचारतात.

साताऱ्यात शनिवार पेठेत आमचं किराणा दुकान आहे. बत्तीस वर्षं गल्ल्यावर बसतोय. सुट्टे मोजता मोजता हात थांबायला लागला आणि एरर नाण्यांचा, म्हणजे टांकसाळीत पाडताना चुकलेल्या नाण्यांचा, नाद लागला. आज चाळीसेक नाणी आहेत, सगळी गल्ल्यातनं किंवा ओळखीच्यांकडनं आलेली.

त्याच्या आठातलं एक वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं, २०१२ चं. ती चूक नाहीच, सरकारनं काढलेलं स्मारक नाणं आहे, चलनात भरपूर फिरलंय. दुसरं एक रुपयाचं, सालाखाली टांकसाळीची काही खूण नाही म्हणून त्यानं बाजूला ठेवलेलं. अरे, खूण नसणं हीच कोलकात्याची खूण! मुंबईचा हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, आणि कोलकात्याचं रिकामं. व्हिडिओत कोणीतरी लाखाची गोष्ट सांगतो आणि पोरं रात्र रात्र डबे उपसतात. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं स्वतः लोकांना सावध केलं होतं, की आमच्या नावानं कोणी जुन्या नाण्यांच्या व्यवहारासाठी शुल्क, कमिशन मागत असेल तर देऊ नका. तरी आमच्याच गल्लीतल्या एकानं 'फाइल चार्ज' म्हणून पैसे भरले. त्याच्या घरी त्या महिन्यात काय झालं ते मी पाहिलंय, म्हणून या बाबतीत मी आवाज चढवून बोलतो.

तिसरी होती शिवराई. आजोबांच्या शेतात सापडलेली. 'श्री राजा शिव' मधलं 'श्री' अर्धं कापलेलं, म्हणून त्याला वाटलं ऑफ सेंटर, म्हणजे ठसा चुकून बाजूला सरकलेला. शिवराई ऐरणीवर हातोड्यानं पाडायचे. ठसा मोठा, तांब्याचा तुकडा लहान, मग अक्षरं बाहेर जाणारच. पूर्ण अक्षरांची शिवराई मिळणं हेच नवल. शिवाय शंभर वर्षांपूर्वीचं नाणं १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतं, ते खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. ते नाणं तू विकूही नको, असं मी त्याला सांगितलं. आजोबांच्या शेतातली शिवराई साताऱ्याच्या माणसानं विकायची नसते, हे माझं मत आहे आणि ते बदलणार नाही.

चार नाणी डाय रोटेशनची. आपलं नाणं डावीकडून उजवीकडं पलटलं की मागची बाजू सरळ उभी दिसायला हवी. ठसा यंत्रात फिरलेला असेल तर ती कलते. स्टीलच्या एक-दोन रुपयांत असली नाणी पुष्कळ सापडतात. संग्रहात जरूर ठेवा. पण त्यांना ग्रेडिंग कशाला? दोन बोटांत धरून पलटलं की कोणालाही दिसतं.

आठवं मात्र खरं निघालं. दोन रुपयाचं, कडेला चंद्रकोरीसारखं कातरलेलं. पत्र्यातनं चकत्या पाडताना पत्रा पुरेसा सरकला नाही तर आधीच्या भोकावरच पंच बसतो आणि चकती अपुरी निघते. मग कड उठवताना त्या कातरलेल्या जागी दाब मिळत नाही, म्हणून तिच्या बरोबर समोरची कडही बसकी राहते. कानशीनं घासून केलेल्या खोट्या नाण्यात समोरची कड ठणठणीत असते. भिंगातनं ती बसकी कड दिसली तेव्हा मलाच आनंद झाला.

आता ग्रेडिंगचं. पीसीजीएस १९८६ पासून आणि एनजीसी १९८७ पासून, दोन्ही अमेरिकन. नाणं तपासतात, शेल्डनच्या १ ते ७० च्या मापावर आकडा देतात आणि प्लॅस्टिकच्या स्लॅबमध्ये बंद करून पाठवतात. आकडा सांगतो नाणं किती झिजलंय ते. एरर नाणं घेणाऱ्याचा प्रश्न वेगळा असतो: हे टांकसाळीत झालं की कोणाच्या वर्कशॉपमध्ये? म्हणजे आपण पैसे मोजतो ते आकड्यासाठी नाही, नाणं टांकसाळीतलंच आहे या त्यांच्या सहीसाठी. एजंट, कुरिअर, विमा, एररची वेगळी फी धरून खर्च हजारांत जातो. जिथं अशी शंका कोणी घेणारच नाही, तिथं ती सही विकत घेणं मला पटत नाही.

माझ्याकडं शंका येईल असं एकच नाणं आहे, लाखी. पाच रुपयांचं जुनं जाड नाणं, दोन्ही बाजूंना अशोकस्तंभ. एका बाजूला नेहमीसारखा उठावाचा, दुसऱ्या बाजूला तोच, पण आरशातल्यासारखा उलटा आणि आत दबलेला. पाचाचा आकडाच नाही! आधीचं नाणं ठशाला चिकटून राहिलं आणि पुढच्या चकतीवर त्याचाच ठसा उमटला. मोती चौकातल्या सराफ मित्राच्या काट्यावर वजन केलं, बरोबर ९ ग्रॅम. खोटी लाखी करणारे दोन नाणी व्हाइसमध्ये आवळतात. त्यात जुन्या आकड्याची सावली राहते आणि उठावाची बाजू चेपते. माझ्या नाण्यात दोन्ही नाही. हे मला दिसतं, पण मुलगी कराडला असते, तिला नाण्यातलं कळत नाही. माझ्यामागं ती कोणाला काय पटवून देणार? म्हणून हे एक पाठवायचं ठरवलंय.

आणि कृपा करून नाणी धुऊ नका. दहा रुपयांचं एक, आतला गोल सरकलेला, मी पाहुण्यांना दाखवायला म्हणून चिंच-मिठानं घासलं. पितळी कडं चकचकीत झालं आणि सगळ्यावर बारीक ओरखडे उठले. अशा नाण्याला आकडा मिळत नाही, 'डिटेल्स' एवढाच शेरा येतो. दहा वर्षं झाली, अजून ते नाणं हातात घेतलं की वाईट वाटतं.

पोराला त्याचं कातर नाणं परत देताना भिंगही दिलं. बसकी कड तो बराच वेळ बघत होता. ग्रेडिंगचं पुन्हा विचारलं नाही. पुढच्या रविवारी लाखी बघायला येतो म्हणालाय, त्यामुळं कुरिअर सोमवारी.