साधंच टाक, जुनी हाय

पंपावरच्या पोरानं विचारलं, "सर, प्रीमियम का साधं?" मी म्हटलं साधं. तर त्यानं पलीकडच्या पोराला बोंब मारून सांगितलं, "साधंच रे, जुनी हाय!" म्हणजे बघा, शंभरीपारचं पेट्रोल मी घेणार, टाकी फुल मी करणार, आणि अख्ख्या लाइनीसमोर इज्जतही माझीच जाणार. अजून डोक्यातनं जात नाहीये.

२०१२ ची पेट्रोल एसयूव्ही आहे, कोल्हापुरातच फिरते, मायलेज साडेदहावरनं साडेआठवर आलंय. बास, एवढीच स्टोरी. नक्की किती पडतंय ते बघायला नोझल कट होईपर्यंत टाकी भरत होतो, तेवढ्यात मागनं स्प्लेंडरवरचे काका पुढं आले. टोपी, पायजमा, कॅरियरला वैरणीचा भारा.

"पावनं, किती देतीया?"

"साडेआठ."

"साडेआठ?" काकांनी गाडीकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "आमची म्हस जास्त देती की वं."

लाइनीत दोघं-तिघं हसले, पंपावरचं पोरगं तर जास्तच हसलं. मी आपलं सभ्यपणानं म्हटलं, काका, आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, त्यानं मायलेज पडतं थोडं. झालं! काकांनी स्प्लेंडर स्टँडला लावली, जवळ आले, आणि माझ्या टाकीच्या झाकणाशेजारी पत्र्यावर तळहात टेकवून उभे राहिले.

"इथेनॉल म्हंजे आपला ऊस. ह्यात माझा ऊस हाय."

"असेल की."

"असेल न्हवं, हाय. तुमची गाडी माझा ऊस खाती आन् वर तक्रार करती."

मागनं हॉर्न सुरू झाले. मी म्हटलं, मग बिलात थोडी सूट द्या मालक म्हणून. बिल शब्द ऐकला आणि काकांचा चेहराच फिरला. "कुठलं बिल? आमचंच बिल कारखान्यानं दिल्यालं न्हाई अजून. चौदा दिवसांत द्याचं म्हणून कायदा हाय, चौदा दिवसांत!" मग एफआरपी म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान भाव, तोडणी, वाहतूक, ऊसतोड टोळीवाल्यांची उचल, सगळं निघालं, नोझल कट होऊन गेलं तरी काकांचा हात पत्र्यावरच. मला राग आला होता, म्हणून जरा खवचटपणा केला. म्हटलं, काका, आता निम्म्याच्या वर इथेनॉल धान्याचं असतंय, मका बिका, उसाचं कमी.

काकांनी हात काढून घेतला. पायजम्याला पुसला.

"मका? तरीच म्हटलं गाडीत दम का न्हाई."

आणि गेले स्प्लेंडरकडं. माझ्या गाडीचा नि त्यांचा संबंध तिथं संपला.

आता हे प्रीमियमचं, म्हणजे जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलचं. लोकांना वाटतं ऑक्टेन जास्त म्हणजे ताकद जास्त. तसं काही नसतं. ऑक्टेन म्हणजे पेट्रोल सिलिंडरात दाबलं गेल्यावर वेळेआधी पेटू नये यासाठीचा आकडा. जास्त कॉम्प्रेशनच्या किंवा टर्बो इंजिनाला त्याचा उपयोग. माझ्यासारख्याचं साधं इंजिन टकटक वाजत नसेल तर लिटरमागं सात-आठ रुपये जास्त देऊन हाती काय लागणार? त्यात वीस टक्के मिसळल्यावर साधंच पेट्रोल ९५ ऑक्टेनला जातं, हे सरकारच सांगतंय. मग ते पोरगं मला जुनी म्हणून नक्की काय खपवत होतं?

पण इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशानं कमी, हेही तितकंच खरं. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलंय की जुन्या धर्तीच्या चारचाकीचं मायलेज सहा-सात टक्क्यांनी पडेल. म्हणजे तुम्हाला माहीत होतं! मग जुन्या गाडीवाल्यांसाठी एखाद्या नोझलला दहा टक्केवालं ठेवायला काय झालं होतं? भाव कमी नाही, चॉइस नाही, वर जुनी हाय म्हणून बोंब. टॅक्स भरताना कोण विचारत नाही जुनी का नवी.

असो. सहा-सात टक्क्यांनी साडेदहाचे पावणेदहा होतात, साडेआठ नाही होत. उरलेलं कुठं जातंय म्हणून उद्यमनगरात मिस्त्रीकडं गेलो. त्याआधी घरचे, ऑफिसचे सगळे एअर फिल्टर बदल म्हणत होते. फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे कार्बोरेटर नसलेल्या गाडीत फिल्टर तुंबला तर पिकअप जातं, मायलेजला फारसा फरक पडत नाही, पण सांगणार कुणाला. मिस्त्रीनं बॉनेट उघडलंसुद्धा नाही. एक चक्कर मारून आला, उतरला आणि चारी चाकांजवळ हात नेत फिरला. तीन चाकं कोमट. मागच्या डाव्या ड्रमला बोट लावलं आणि झटकन मागं घेतलं. "धरतोय," म्हणाला. ब्रेक जाम होऊन चाक घासत होतं, आणि मी इंधनात शोधत होतो! लायनर, साफसफाई, मजुरी धरून बिल किती, तर दोन-तीन टाक्या प्रीमियम भरलं असतं तर जेवढे जास्तीचे पैसे गेले असते, तेवढंच. मायलेज साडेनऊला आलं.

जाता जाता म्हणाला हवा बघा, २६ वर आहे, दारावरच्या स्टिकरवर ३३ लिहिलंय. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा हिशेब आहे, चारी टायरची हवा सरासरी एक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप, ते २६-३३ यातच) उतरली की ०.२ टक्के मायलेज जातं. म्हणजे माझं जवळपास दीड टक्का. छोटी रक्कम, पण पंपावर हवा फुकट असते, का सोडा?

फुकट असते हे बोर्डावर. मशीन बंद. शेजारी टपरीवाला बसलेला, "नायट्रोजन टाकू का, चाकाला वीस." मी म्हटलं, अरे, साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. तर म्हणाला, "आमचा प्युअर हाय." मी म्हटलं बरं, मग ७८ टक्के माझ्या टायरात आधीच आहे, वरच्या बावीस टक्क्यांचेच पैसे घे.

त्यानं बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, "मालकाला फोन लावून विचारतो."