खुलासा: पगाराला कमाल मर्यादा नाही

‘युएफा या युरोपीय फुटबॉल महासंघाने फुटबॉलपटूंच्या पगारावर कमाल मर्यादा घातली, आता छोटे-मोठे क्लब एका पातळीवर येणार’ असा संदेश फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

नियम टक्केवारीचा आहे. युरोपीय स्पर्धांत खेळणाऱ्या क्लबांचा पगार, खेळाडू-खरेदी आणि एजंटांवरचा खर्च उत्पन्नाच्या ७० टक्क्यांत बसला पाहिजे. २०२३मध्ये ही मर्यादा ९० होती, मग ८० झाली. म्हणजे समजा, ८० कोटी युरो कमावणारा क्लब ५६ कोटी उधळू शकतो. १० कोटीवाल्याला जेमतेम ७. दरी बुजत नाही, उलट नियमातच पक्की होते, आणि हेच मला खटकतं.

खरी कमाल मर्यादा इंग्लंडमध्ये होती: आठवड्याला २० पौंड. ती १९६१मध्ये उठली.