आमचं मन बरं आहे, व्हय म्हाराजा!

'कर्मचाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य' या विषयाचा मेल मुंबईच्या मुख्य कार्यालयातून तुमच्याही शाखेत येऊन पडला असेल. घाबरू नका. शाखा चिपळुणात असो, रत्नागिरीत असो की कुडाळात, माणसांची मनं सांभाळणं हापूसची कलमं सांभाळण्यापेक्षा सोपं आहे. कलमाला निदान खत घालावं लागतं.

सुरुवात आकड्याने करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे नैराश्य आणि चिंतेपायी जगात दरवर्षी कामाचे सुमारे १२ अब्ज दिवस बुडतात. हे पहिल्याच स्लाइडवर ठळक टाका, थोडं थांबा, आणि त्यातले आपल्या शाखेच्या वाट्याचे दिवस रविवारी भरून काढायचे आहेत असं सांगून टाका. याच संघटनेने २०२२ मध्ये कामाच्या जागेसाठी मार्गदर्शक तत्त्वंही काढली आहेत. त्यांत कामाचा बोजा, कामाच्या वेळा, साहेबलोकांचं प्रशिक्षण असलं काहीबाही आहे. ती पानं प्रिंटरमध्ये अडकली म्हणा. कर्मचाऱ्याने स्वतःचा ताण स्वतः कसा हाताळावा, असंही त्यांत एके ठिकाणी आहे. तेवढ्याच पानाच्या झेरॉक्स काढा.

योगा समुद्रावर घ्या. सकाळी साडेसहा, ऐच्छिक, हजेरी मस्टरवर.

भाषणात 'आपण सगळे एक कुटुंब आहोत' हे वाक्य घालायचा मोह होईल. मुंबईत ते खपतं. इकडे कुटुंब म्हणजे काय ते सातबाऱ्यावर लिहिलेलं असतं: चार गुंठे, सतरा नावं आणि कोर्टात पुढची तारीख. तुमची माणसं ते वाक्य ऐकून घाबरली, तर दोष त्यांचा नाही.

त्यापेक्षा सर्व्हे घ्या. 'तुमची ओळख गुप्त राहील' असं वर लिहा आणि खाली फक्त विभाग, वय, हुद्दा व रुजू झाल्याची तारीख विचारा. अकाउंट्समध्ये दोनच माणसं असतील, तर गुप्ततेची जबाबदारी त्यांनी आपसांत वाटून घ्यावी.

गेटासमोरच्या चहाच्या टपरीचं काय करायचं, हा नाजूक प्रश्न आहे. तिथे माणसं दहा-दहा मिनिटं गजाली मारतात. कुणाचं कर्ज थकलंय, कुणाच्या आईला डायलिसिस चालू आहे, कोण रात्री झोपत नाही, सगळं तिथे निघतं, आणि शिफ्ट संपल्यावर कोण कुणाच्या घरी जायचं तेही ठरतं. यात कंपनीचा वेळ जातो. टपरीची वेळ बंद करा. सहा महिन्यांनी 'कर्मचारी एकमेकांशी बोलत नाहीत' असा अहवाल येईल, तेव्हा पुण्याहून एक ट्रेनर बोलवा. तो सगळ्यांना गोल बसवून, हातात चेंडू देऊन बोलायला शिकवील. त्याचं बिल 'वेलनेस' या खात्यात बसतं. टपरीवाल्याच्या चहाचं बसत नाही.

पावसाळ्यासाठी वेगळी तयारी हवी. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी चिपळुणात शिरली तेव्हा लोकांच्या घरात, दुकानात चिखल भरला. कपाटं, पोरांची दप्तरं, हिशेबाच्या वह्या, सगळं उन्हात टाकावं लागलं. तसा प्रसंग पुन्हा आलाच, तर चौथ्या दिवशी दुपारी तीन वाजता 'संकटातून उभारी' हा ऑनलाइन कार्यक्रम ठेवा. कॅमेरा चालू ठेवणं बंधनकारक करा. ज्याच्या घरी वीज नाही, त्याची इच्छाशक्ती कमी पडते अशी नोंद करा. पुरानंतर बाजारपेठेतली काही माणसं जुलैतल्या मोठ्या पावसाच्या रात्री जागून काढतात. दोन वाजता उठून पाणी कुठवर आलंय ते बघतात. सकाळी ती उशिरा येतात. ही बेशिस्त आहे. लेट मार्क लावा. पुढे-मागे कुणी डॉक्टर याला वेगळं नाव देईल, पण मस्टरवर त्याचा रकाना नाही.

आता खरोखर मदत मागणाऱ्यांचं बघू. राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीत आहे, म्हणजे सोय दारात आणि विनोदही दारात. कुणी जरा गप्प राहिला, दोनदा हिशेबात चुकला, की 'ह्याला रत्नागिरीला पोचवा रे' असं मीटिंगमध्ये म्हणा. सगळे हसतील, तोही हसेल. त्यानंतर तो कुठल्याही डॉक्टरकडे जाणार नाही. गेलाच तर कोल्हापूरला जाईल आणि रजेच्या अर्जावर 'पाठदुखी' लिहील. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मनाचा आजार शरीराच्या आजाराप्रमाणेच धरायला सांगितलं आहे. कंपनीची मेडिक्लेम आहेच, तेव्हा बिलं अवश्य मागवा. फक्त ती अकाउंट्सच्या उघड्या ट्रेमध्ये ठेवायची पद्धत मोडू नका.

सरकारची टेलिमानस हेल्पलाइनही आहे. १४४१६, फुकट, दिवसरात्र, मराठीतही बोलतात. नंबर लावणं कर्तव्यच आहे, म्हणून तो साहेबांच्या केबिनच्या काचेवर, आतल्या बाजूने, बारीक अक्षरात लावा. कोण उतरवून घेतो ते खुर्चीतून दिसलं पाहिजे.

गणपतीची रजा हा स्वास्थ्याचा विषय नव्हे, हे आधीच स्पष्ट करा. दीड दिवसाचा गणपती असेल त्याला दीड दिवस द्या, वरचा अर्धा बिनपगारी. गौरी घरात असतील तर त्या कुणाच्या परवानगीने आल्या ते विचारा.

एवढं झालं की समारोपाला स्थानिक संस्कृती घ्या. मुख्य कार्यालयाला फोटो आवडतात. नारळ ठेवा आणि गाऱ्हाणं घाला. "बा देवा म्हाराजा, ह्या वर्साचा टार्गेट पुरा होवंदे रे म्हाराजा!" समोरून "व्हय म्हाराजा!" येईल, जरा मंद. "सगळ्यांचा मन आनंदी रवांदे रे म्हाराजा!" पुन्हा "व्हय म्हाराजा," आणखी मंद. इथे माइक लगेच ताब्यात घ्या. नाहीतर कुडाळकडचे स्टोअरकीपर काका पुढे होतील आणि टोपी काढून सुरू करतील, "तीन माणसांचा काम एका माणसाच्या माथ्यार इला आसा, तां सायबांच्या ध्यानात येवंदे रे म्हाराजा!" त्याला येणारा होकार गेटाबाहेरच्या बंद टपरीपर्यंत ऐकू जाईल. तसं झालंच, तर मेन स्विच पाडा. कोकणात लाइट गेली म्हटलं की कुणी कारण विचारत नाही.