हलका लॅपटॉप, जड जीव

सोलापुरात काटकसर शिकवायची सोय नाही. ज्या गावात नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं, तिथल्या पोराला 'मोजकं वापर' असं सांगणं म्हणजे सिद्धेश्वर तलावात बादलीभर पाणी ओतून येणं. तरीही कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला आलं की 'मिनिमल' हा शब्द कानावर पडतो, आणि चुलतभावाकडून वारशाने आलेला दोन जीबी रॅमचा लॅपटॉप एकाएकी अडगळीतून उठून तत्त्वज्ञान होतो.

"काय करूलालास बे?" मित्र विचारतो.

"लॅपटॉप हलका करतोय."

तो उचलून बघतो.

हलकं करायचं म्हणजे त्यावर मोजक्या सामानाचं लिनक्स टाकायचं. त्याची सुरुवात भर घालण्यापासून होते. रॅमची आणखी एक पट्टी लागते आणि नवी पेठेत जाऊन नुसतं "डीडीआर थ्री द्या" म्हणून भागत नाही. एक जात १.५ व्होल्टची, दुसरी १.३५ व्होल्टची, तिच्या नावापुढे 'एल'. दोघींना २०४ पिना, खाचही एकाच जागी, त्यामुळे कुठलीही कुठेही बसते. बसली म्हणजे नांदेलच असं नाही. फक्त १.३५ वर चालणाऱ्या मशीनला दीड व्होल्टची पट्टी दिली तर पडदा काळाच राहू शकतो. 'एल'वाली मात्र सहसा दोन्ही घरी जुळवून घेते. पट्टी तिरपी घालायची, खाली दाबायची, दोन्ही बाजूंच्या क्लिपांचा 'टक' ऐकायचा. तरी काळाच? मग काढा आणि तिच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवा. सगळ्या इंजिनिअरिंगमध्ये इतका गुणकारी आणि इतका न शिकवलेला उपाय दुसरा नाही.

जुन्या मशीनची खरी खोड घड्याळाची. मदरबोर्डावर तीन व्होल्टचा एक सेल असतो, बहुधा २०३२ आकाराचा. तो मेला की लॅपटॉप दर वेळी काही वर्षं मागे जाऊन जागा होतो. मग ब्राउझर सांगतो की या साइटचं प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नाही, आणि सॉफ्टवेअर आणून टाकणारा पॅकेज मॅनेजर म्हणतो की ही यादी भविष्यातली आहे. आपण राऊटरला शिव्या घालत बसतो. आधी तारीख बघा. वायरीवाला सेल असेल तर जुना सोबत घेऊन दुकानात जा, कारण टोकाची पिन दाखवल्याशिवाय जुळत नाही.

प्रोसेसर ६४ बिटांचा आहे ना, हेही आधीच पाहावं. मी निवडलेलं लिनक्स म्हणजे डेबियन, आणि २०२५ साली आलेल्या डेबियन १३ पासून ३२ बिटांसाठी इन्स्टॉलरच मिळत नाही.

आता पेनड्राइव्ह. त्यावर इन्स्टॉलरची इमेज उतरवणारी 'डीडी' ही आज्ञा सोलापुरी आहे: तोंडावर बोलते, दोनदा विचारत नाही. कुठून आणि कुठे एवढंच सांगायचं. लिनक्समध्ये बहुधा हार्डडिस्कचं नाव एसडीए, पेनड्राइव्हचं एसडीबी. 'कुठे'मध्ये एसडीबीऐवजी एसडीए लिहिलंत, तर पेनड्राइव्हऐवजी आख्ख्या हार्डडिस्कवर नांगर फिरतो. म्हणून आधी डिस्कांची यादी दाखवणारी 'एलएसबीएलके' ही आज्ञा देऊन आकार वाचायचा. ३२ जीबी म्हणजे पेनड्राइव्ह, ३२० म्हणजे वडिलांचे गड्ड्याच्या यात्रेतले फोटो. आणि शेवटी एक आकडा लावून एसडीबी-१ असं लिहू नका. इमेज पूर्ण ड्राइव्हवर उतरवायची असते, पहिल्या खोलीत, म्हणजे पार्टिशनमध्ये, टाकली तर बूट होत नाही.

इन्स्टॉल करताना दोन खड्डे आहेत. पहिला रूटच्या, म्हणजे मशीनच्या मालक खात्याच्या, पासवर्डचा. तो रिकामा ठेवला की आपल्या खात्याला 'सुडो', म्हणजे मालकाच्या वतीने आज्ञा द्यायचा हक्क, आपोआप मिळतो. काळजीपूर्वक पासवर्ड घालणाऱ्या सज्जनाला पुढे स्वतःच्याच मशीनकडून "आपलं नाव यादीत नाही" असं ऐकावं लागतं. दुसरा खड्डा सॉफ्टवेअर निवडीचा. तिथे डेस्कटॉपच्या खुणा आधीच केलेल्या असतात. खूण काढायची स्पेसबारने. आपलं बोट जातं एंटरवर, आणि एंटर म्हणजे 'पुढे चला'. मग मिनिमल व्हायला निघालेल्या माणसाच्या घरी जीनोम नावाचा आख्खा डेस्कटॉप वऱ्हाडासकट उतरतो, तोही फोनच्या टेदरिंगवरून, आणि दिवसाचा दीड जीबी दुपारच्या जेवणाआधी संपतो.

हे पार करून डीडब्ल्यूएम लावला. दोन हजार ओळींच्या आत लिहिलेला विंडो मॅनेजर, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या मांडणारा कारभारी. रंग बदलायचा तरी सी भाषेतली कॉन्फिग फाइल उघडायची, बदलायची, पुन्हा कंपाइल करायचं. पहिल्याच कंपाइलला 'एक्सलिब डॉट एच सापडत नाही' असं येतं, कारण पडद्यावर चित्र काढणाऱ्या एक्स-इलेव्हनच्या, कंपाइलसाठी लागणाऱ्या 'डेव्ह' पॅकेजेस टाकायच्या राहिलेल्या असतात. त्या टाकून सुरू केलं की पडद्यावर वर एक पट्टी आणि खाली शून्य. अल्ट-शिफ्ट-एंटर दाबलं की टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडतं म्हणे. दहा वेळा दाबून काही होत नाही, कारण डीडब्ल्यूएम 'एसटी' नावाचं टर्मिनल हाक मारून बोलावतो आणि ते आपण टाकलेलंच नसतं. तक्रार दाखवायला त्याच्याकडे जागाही नाही. कंट्रोल-अल्ट-एफ-टू दाबून दुसऱ्या कन्सोलवर जायचं आणि तिथून एसटी टाकायचं.

आई मागे उभी राहून विचारते, "बिघडला का रे?"

शहराच्या पूर्व भागातल्या मागावर आयुष्य काढलेल्या माणसाला मात्र हे समजावून सांगावं लागत नाही. चादरीवरचं फूल जकार्डच्या पुठ्ठ्यांवर असतं: भोक असलं तर ताण्याचा धागा वर, नसलं तर खाली. ही युक्ती १८०४ची. एक पुठ्ठा मागेपुढे झाला की मोराची मान मोडते, आणि ती ठीक करायला पुठ्ठ्यांपाशीच जावं लागतं.

रॅमचं गणितही गावालाच नीट कळतं. रॅम म्हणजे गच्चीवरची टाकी, स्वॅप, म्हणजे रॅम संपल्यावर वापरायची डिस्कवरची जागा, हे खाली भरून ठेवलेलं पिंप. टाकी संपली की पिंपातून तांब्या-तांब्याने काम चालतं, फक्त जिने चढून दम लागतो. फिरत्या हार्डडिस्कवर तर फारच. झेडरॅम म्हणजे माल दाबून रॅममध्येच ठेवणं: चादरी दाबून त्याच ट्रंकेत दुप्पट बसवणं. प्रोसेसरला थोडा घाम, पण जिना वाचतो. रिकाम्या पडद्यावर जेमतेम दीडशे-दोनशे एमबी लागतात, हे मी येईल त्याला दाखवतो. मग ब्राउझरचे पाच टॅब उघडतो आणि ते एकटे जीबीभर खाऊन बसतात. हे म्हणजे उपवास करून हॉटेल चालवणं.

लिहायला विम नावाचा एडिटर. त्यातून बाहेर कसं पडायचं यावर पुरेसे विनोद झालेत. उपयोगाची गोष्ट वेगळी आहे. मे महिन्यात पारा त्रेचाळिसावर, लाइट गेलेली, लॅपटॉपची बॅटरी नावापुरती. विम दर २०० अक्षरांनी किंवा चार सेकंद हात थांबला की स्वतःच्या वेगळ्या स्वॅप फाइलीत (रॅमच्या पिंपाशी तिचा संबंध नाही) लिहून ठेवतो. लाइट आल्यावर 'विम' पुढे 'वजा आर' देऊन फाइल परत मिळवायची, सेव्ह करायची आणि जुनी स्वॅप फाइल काढून टाकायची. नाही काढली तर तो रोज दारात उभा राहून तीच जुनी तक्रार सांगतो, एखाद्या काकांसारखा.

नोट्स सगळ्या साध्या टेक्स्ट फाइलींत. साधी टेक्स्ट फाइल म्हणजे कडक भाकरी: फ्रिज नको, महिनोन्‌महिने टिकते, कुठेही मोडून खाता येते. फक्त मराठीत लिहू नका. देवनागरी फॉन्ट टाकला नाही तर नुसते चौकोन, आणि टाकला तरी एसटीसारखी टर्मिनलं अक्षरं जोडत नाहीत. 'विद्यार्थी'ची पहिली वेलांटी 'व'च्या मागून येते, रफार खाली उतरून बसतो आणि शब्द ॲटीकेटी लागल्यासारखा दिसतो.

एवढं सगळं होईपर्यंत वडिलांना कॉम्प्युटर दिसत नाही. तो दिसतो लाइटबिलाच्या दिवशी.

"जरा प्रिंट काढून आण."

प्रिंटरची व्यवस्था मी हलकेपणासाठी टाकलेलीच नाही. म्हणून पेनड्राइव्ह. तो लावला की आपोआप उघडत नाही, हाताने माउंट करावा, म्हणजे आज्ञा देऊन जोडून घ्यावा लागतो. केला. फाइल कॉपी केली, क्षणात झाली, उपसून खिशात घातला. क्षणात झाली, कारण ती अजून रॅममध्येच होती. अनमाउंट केल्याशिवाय पेनड्राइव्हवर उतरेलच याची खात्री नाही.

झेरॉक्सवाल्याने फाइलवर दोनदा क्लिक केलं, मान तिरकी करून पाहिलं.

"नाव हाय. आत काय नाही की."