स्विव्हल लावल्याने वायर रोप दुप्पट टिकत नाही

सिन्नरकडे विहिरींच्या कामावर यारी चालवणाऱ्या माझ्या भाच्याला व्हॉट्सॲपवर एक संदेश आला आणि त्यावर विसंबून त्याने दुसऱ्याच दिवशी वायर रोप (पोलादी तारांचा दोर) आणि बकेट यांच्यामध्ये स्विव्हल, म्हणजे दोन्ही टोके स्वतंत्रपणे फिरू देणारा जोड, बसवला. संदेशातले दावे असे: वजन घेताना फिरणारा रोप नकली असतो, स्विव्हल लावून पीळ सुटू दिला की रोप दुप्पट टिकतो, जाड रोपाला पीळ येत नाही, आणि नव्या रोपाचे वेटोळे कसेही ओढून काढले तरी चालते.

पहिला दावा मुळातच चुकीचा आहे. सहा पदरी रोपात तारांचे पदर गाभ्याभोवती मळसूत्रासारखे वळलेले असतात आणि ताण येताच ते उलगडू पाहतात. अस्सल रोपही हेच करतो.

स्विव्हलचा दावा मात्र थेट जिवाशी खेळणारा आहे. स्विव्हलमुळे बकेट गरगरायची थांबते, एवढे मान्य करावे लागेल. पण बकेटऐवजी आता रोप मोकळेपणी फिरतो, प्रत्येक खेपेला उलगडतो आणि पुन्हा वळतो, त्यामुळे त्याची ताकद घटते आणि तारा लवकर थकतात. व्यासाच्या १००० पट लांबीत, किमान तुटभाराच्या (ज्या भाराखाली रोप तुटू शकतो त्याच्या) २० टक्के वजन उचलताना जो रोप ४ पेक्षा जास्त फेरे घेतो त्याला स्विव्हल लावू नये, असे वायर रोपच्या वापराविषयीचे युरोपीय मानक ईएन १२३८५-३ सांगते, आणि साधा सहा पदरी रोप याच वर्गात मोडतो. रविवारी मी जाऊन पाहिले तेव्हा क्लॅम्पच्या वर हातभर पदर सैल होऊन फुगले होते, दोन पदरांमध्ये नख सहज शिरत होते आणि आतला ग्रीस लागलेला दोरीचा गाभा दिसत होता. असा रोप पुन्हा पिळून नीट होत नाही. तो बादच करावा लागतो.

जाडीचे म्हणाल, तर पिळाचा जोर वजन आणि व्यास या दोन्हींच्या प्रमाणात वाढतो. वेटोळे आडवे ठेवून कडी-कडीने ओढले, तर प्रत्येक कडीमागे रोपाला एक पूर्ण पीळ बसतो. म्हणून वेटोळे फिरवतच रोप सोडावा.

एकेरी रोपाने मोकळे वजन उचलायचे असेल, तर बाहेरचे १२ पदर एका दिशेने आणि आतले ६ पदर उलट दिशेने वळलेला, कमी फिरणारा रोप घ्यावा आणि त्यालाही उत्पादकाला विचारल्याशिवाय स्विव्हल लावू नये. भाच्याने तसा रोप मागवला आहे. तो येईपर्यंत यारी बंद राहील आणि त्या बकेटमधून कोणीही विहिरीत उतरणार नाही, हे मी त्याच्याकडून कबूल करून घेतले आहे.